खळ लावलेलं विमान

मागाखाली कापसाचा भुरका साठतो. कुणी आणून टाकत नाही, कुणी बघत नाही, पण एक दिवस झाडू मारला की टोपलीभर निघतो. आमच्या विमानांचे किस्से तसेच साठलेत. आज झाडू मारतो.

आम्ही चौघं. मी मागाचे धोटे, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या लाकडी होड्या, करणारा सुतार. शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा मास्तर कंटाळले म्हणून सुटली. नरसय्या विणकर. बशीर जळलेल्या विजेच्या मोटारी रिवाइंड करून देतो. आणि कांबळे सर, हायस्कुलातून रिटायर झालेले, आमच्यातले एकटेच इंग्रजी वाचणारे. सोलापुरात शुक्रवार पेठेत माझं दुकान आहे. संध्याकाळी तिथं बसायचं आणि दुसऱ्या महायुद्धातल्या इंग्रजी विमानांवरून भांडायचं, हा आमचा धंदा. लोक विचारतात, या वयात हे कसलं याड? मी म्हणतो, तुम्ही टीव्हीसमोर तोंड उघडं टाकून बसता, ते आम्ही विचारतो का?

इंग्रज मला आवडत नाही, आधीच सांगतो. पण काम चांगलं असेल तर चांगलंच म्हणणार.

*

सुरुवात मॉस्किटोनं झाली. सरांनी मोबाइलवर फोटो दाखवला आणि म्हणाले, हे विमान लाकडाचं आहे. मी म्हटलं, सर, सुतारासमोर थापा मारू नका.

मग त्यांनी वाचून सांगितलं. विमानाचं अंग दोन अर्ध्या भागांत करायचे, भुईमुगाच्या शेंगेच्या टरफलासारखं. आतल्या वायरी, नळ्या उघड्यावरच बसवायच्या, मग दोन्ही टरफलं चिकटवून टाकायची. वरून प्लायवूड, मधे शेवरीसारखं हलकं लाकूड, आतून परत प्लायवूड. कामाला फर्निचरवाले सुतार घेतले होते. तिकडं कपाट करणाऱ्याकडून लढाईचं विमान करून घेतात, इकडं कपाट पोचवायला गेलं तर चपला बाहेर काढा म्हणतात!

सर म्हणाले, आपल्याकडच्या दमट हवेत मात्र काहींचे सांधे सुटले.

"सोलापुरात ठिवायची की मग," मी म्हटलं. "हितं मानसाला घाम येतो तो बी खाली पडस्तवर वाळतो."

*

मग स्पिटफायर. बशीरला त्याचं इंजिन आवडतं, मला पंख. पुढची कड एका बाकाची, मागची दुसऱ्या बाकाची, आणि टोकाला दोन्ही अशा भेटतात की जोड दिसत नाही. जाडी मुळाशी भरपूर, टोकाला कागद. सर म्हणाले, असा पंख करायला तिकडच्या कारखान्यांनाही घाम फुटायचा. म्हणून मी सागवानात करायला घेतला. पहिला वाकडा झाला. दुसरा चिरला. तिसरा बरा होता, पण टोकाला जास्तच रंधा बसला. मी शिव्या देऊन तो भंगारात फेकला.

पुढं एकदा नरसय्याकडं जेवायला गेलो, तर त्याची बायको, आमची लक्ष्मीवहिनी, तव्यावरची भाकरी त्याच पंखानं उलटत होती.

"भावजी," वहिनी म्हणाली, "इतक्या वर्षांत तुमी केलेली ही पयली कामाची वस्तू."

*

लँकेस्टरचं मॉडेल आम्ही दुकानाच्या दारात टांगलं होतं. चार इंजिनं, पोट खाली मोकळंच्या मोकळं. अकलूजचा एक बागायतदार पाट करून घ्यायला आला. विमानाखाली उभा राहून बराच वेळ बघत होता. मग पोटात किती लिटर मावतं म्हणून विचारलं. उसावर औषध मारायला बरं पडेल असा त्याचा हिशेब.

सरांनी शिकवायच्या आवाजात समजावलं की यात औषध नाही, बॉम्ब भरायचे. एका खेपेत जमीन उलटीपालटी व्हायची.

गडी विचारात पडला. "म्हंजी नांगरट बी त्यातच," म्हणाला.

*

आता वेलिंग्टन. हे ऐकाच.

वेलिंग्टनच्या अंगाला सरळ फासळ्या नाहीत. बारीक पट्ट्या तिरक्या, एकमेकींवरून गेलेल्या, कोंबड्यांच्या डालग्यासारख्या, आणि त्यावर नुसतं कापड. एक पट्टी तुटली तर भार शेजारणीवर जातो. गोळ्या लागून भसाभस भोकं पडलेली विमानं घरी परत आली. सरांनी फोटो दाखवला तेव्हा नरसय्यानं चष्मा पुसला, परत बघितलं आणि म्हणाला, "ह्ये बांदलेलं न्हाई. ह्ये इनलंय. ह्ये माझं काम हाय."

आणि खरंच बसला की! बांबूच्या काड्या तासून मी द्यायच्या, त्यानं प्रत्येक जोडाला दोऱ्याची गाठ मारायची. गुडघे दुखतात म्हणून माग विकायला काढलेला माणूस फरशीवर मांडी घालून बसायचा. विमान वाढत वाढत त्याच्या घराची पुढची खोली खाऊन बसलं. पाहुणे आले की पंखाखालून वाकून आत यायचे. शेवटी वहिनीनं एकदा सगळ्यांसमोर आधी तेलुगूत सुनावलं, मग आम्हाला कळावं म्हणून मराठीत.

"दसऱ्याला उडवा. न्हाई उडलं तर दिवाळीच्या आंगुळीचं पानी ह्येच्यावरच तापंल."

वहिनी बोलली की करते. तिनं परसात बंबाशेजारी जागासुद्धा झाडून ठेवली. नरसय्या दोन दिवस जेवताना बंबाकडं पाठ करून बसला.

*

कापड चढवायची वेळ आली. खऱ्या विमानाच्या कापडावर कसलंसं उग्र वासाचं रोगण मारायचे, त्यानं ते ताणून बसायचं. बशीर ते कुठून तरी मागवायला निघाला होता. नरसय्याला राग आला. म्हणाला, पिढ्यान् पिढ्या सुताला खळ लावतोय, आणि ताण आणायला बाहेरचं रोगण मागवू?

खळ म्हणजे पिठाची पातळ कांजी. ती शिजवली आणि कुंच्यानं कापडावर मारली. वहिनी दारातून म्हणाली, चिमूटभर मोरचूद घाला, न्हाईतर किडामुंगी लागंल. मागाच्या खळीत ते निळं, कडू विष घालतात तसं.

"आगं, ही साडी न्हाई, इमान हाय," नरसय्या म्हणाला.

वहिनी आत गेली. खळ उन्हात वाळली तसं कापड असं ताणलं की टिचकी मारली तर हलगी वाजावी. नरसय्या दिवसभर टिचक्या मारत होता. त्या हलगीवरच आम्ही सगळे नाचलो, दुसरं काय!

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा. विणकराघरी मागाची, माझ्याकडं रंध्याची. नरसय्यानं परसात विमान ठेवलं, हळदकुंकू लावलं आणि झेंडूचा हार घातला. आम्ही प्रसाद खायला आत गेलो.

शेजारच्यांची बकरी झेंडूसाठी आली. हार खाल्ला. मग तिला कळलं की खालच्या कापडावर सगळीकडं पीठ आहे.

आम्ही बाहेर आलो तोवर पंख आणि शेपूट तेवढी शाबूत होती. डाव्या कुशीचं कापड नाकापासून मागं पार गेलेलं, आत बांबूची जाळी उघडी. नरसय्या उंबऱ्यावर बसला तो उठेना. नवं कापड चढवून खळ वाळायला दिवस लागणार, आणि दसरा उद्यावर.

बशीर बकरीकडं बघत होता. "जर्मनांसे नै हुआ सो काम बकरी करी," म्हणाला.

मग सरांनी मोबाइल काढला आणि एक फोटो नरसय्यापुढं धरला. लढाईतून परत आलेलं वेलिंग्टन. कुशीचं कापड जळून गेलेलं, जाळी उघडी. नरसय्यानं फोटो बघितला, विमान बघितलं. जाळीतून हात घालून एक-एक गाठ चाचपली. एकही सुटली नव्हती.

"असंच उडवायचं," म्हणाला.

*

दसऱ्याला सकाळी गावाबाहेरच्या माळावर गेलो. मोटारी आणि रिमोट बशीरचे. वहिनी देवळात जायचं म्हणून निघाली होती. देऊळ दुसऱ्या अंगाला, पण ती माळावर आली. लांब उभी राहिली. हातात पूजेचं ताट.

विमान खडखडत पळालं. एकदा उडी मारली, परत आपटलं. नरसय्यानं डोळे मिटले. मी ओरडलो, "उघड की डोळं, तुझंच हाय!" त्यानं उघडले तेव्हा ते बाभळीच्या वर होतं. उघड्या कुशीतून वारा शिरून शीळ वाजत होती, आणि जाळीतून पलीकडचं आभाळ दिसत होतं. एक मोठी फेरी मारली. आम्हा म्हाताऱ्यांच्या माना त्याच्याबरोबर फिरत होत्या. उतरताना एक चाक निखळलं, विमान कुशीवर कलंडून थांबलं. जाळी जशीच्या तशी.

नरसय्या बायकोकडं बघत होता.

वहिनी आली. ताट बशीरच्या हातात दिलं. वाकून विमानाच्या उरलेल्या कापडाला एक टिचकी मारली, कान देऊन ऐकली.

"फुडच्या खळीत मोरचूद घाला," म्हणाली, आणि देवळाच्या वाटेला लागली.