दोन तुळया, तेच चार बोल्ट

उस्तादांची आणि माझी ओळख माझ्या चुकीमुळे झाली. कुकटपल्लीतल्या एका डिझाइन ऑफिसात नोकरीला लागून मला वर्षही झालं नव्हतं. माझं काम एकच होतं: पोलादी इमारतीत तुळई खांबाला जिथे मिळते, तिथला जोड ठरवायचा. बोल्ट किती, केवढे जाड, भोकं काठापासून किती आत. बोल्ट कापला जाईल का, प्लेट भोकापाशी फाटेल का, हे आकड्यांनी तपासायचं आणि नकाशा कारखान्याकडे पाठवून द्यायचा. उभं राहिलेलं पोलाद तोवर मी जवळून पाहिलंसुद्धा नव्हतं.

एका सकाळी साइटवरून फोन आला. "मॅडम, तुमारा बोल्ट तो जाता. पाना किधर से जाता, वो भी बता देव."

ऑफिसचे साहेब मला गाडीत घालून घेऊन गेले. शहराबाहेरचं ते गोदाम अजून नुसता सांगाडा होता. पांढरी दाढी, डोक्यावर पिवळं हेल्मेट, असा साठीकडे झुकलेला एक माणूस शिडीवरून खाली आला. पोलाद उभारणाऱ्या टोळीचा तो मुख्य. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मी बोल्ट खांबाच्या कडेला इतका चिकटून ठेवला होता, की नट आवळायला पाना फिरतच नव्हता. उस्तादांनी पाना माझ्या हातात दिला. "फिराव." मी जोर लावून पाहिला. बोटं सोलली, पाना हलला नाही.

"कागज पे हात नहीं रहता ना, बेटी," ते म्हणाले. रागावले नाहीत.

त्या दिवसापासून मी त्यांना चाचा म्हणू लागले. आम्ही नल्लकुंट्यात राहतो. वडील जामबागच्या एका मराठी शाळेत गणित शिकवायचे, आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून होते. घरात मराठी, पण बाबा भाजीवाल्याशी आणि आई शेजारणीशी दखनी उर्दूतच बोलत, त्यामुळे चाचांचं बोलणं मला परकं वाटलं नाही. दर काही दिवसांनी त्यांचा फोन यायचा. कधी भोक जुळत नाही म्हणून, कधी नुसतंच. बोल्टची डोकी कोणत्या बाजूला ठेवावीत, वॉशर का विसरू नये, माणूस तुळईवर घोड्यासारखा बसून काम करतो तेव्हा त्याच्या पायाखाली काय असतं, हे मी कॉलेजात नाही, त्या फोनवर शिकले.

त्यांनी शिकवलेली एक गोष्ट अशी. कधी कधी एका खांबाच्या दोन्ही बाजूंनी दोन तुळया येतात, समोरासमोर. दोघींच्या टोकाला प्लेट, मध्ये खांबाचा पातळ पत्रा, आणि तेच चार बोल्ट तिन्हींच्या आरपार. इमारत पुरी झाली की जोड मजबूत असतो. पण तुळया एकदम चढत नाहीत. पहिली चढते, तिचे नट आवळले जातात, क्रेन तिला सोडते आणि दुसरी आणते. दुसरीत बोल्ट घालायचे तर पहिलीचे नट काढावे लागतात. भोकं जुळली नाहीत तर बोल्टही मागे ओढावे लागतात. त्या घटकेला पहिल्या तुळईच्या टोकाखाली काहीच नसतं.

"उसके नीचे एक छोटा अँगल लगा देव," चाचा म्हणाले होते. "नहीं तो एक बोल्ट पहिली का अपना रखो, जो खोलना नक्को पडे. मेरे लडके उसपे बैठते ना."

पुढच्या कामात मी ते केलं. मोठं गोदाम होतं, आत मधला मजला, असे समोरासमोरचे चाळीसेक जोड. प्रत्येकाखाली मी वितीएवढा अँगल, म्हणजे पोलादाचा काटकोनी तुकडा, दिला, तुळईला टेकायला. उभारणीचं काम चाचांच्याच टोळीकडे आलं होतं.

नकाशे कारखान्यात जायच्या दिवशी दुपारी गोदामाच्या मालकाकडून निरोप आला, की तुळयांना चिकटून हवेचे पाइप जाणार आहेत आणि ते अँगल मध्ये येतात. साहेबांनी मला बोलावलं.

"ये अँगल कॅलक्युलेशनमध्ये किती लोड घेतात?" आमच्या ऑफिसात सगळ्या भाषा एका वाक्यात असत.

"काही नाही, सर. फक्त उभारताना."

"मग काढून टाक. आजच पाठवायचंय."

एक बोल्ट वेगळा ठेवायचा दुसरा उपाय मला माहीत होता. पण त्यासाठी चाळीस जोडांच्या प्लेटा बदलायच्या, भोकं पुन्हा मांडायची, दोन दिवस तरी लागले असते. मी तसं बोलले नाही. संगणकावर सगळे अँगल एकदम निवडले आणि काढून टाकले. चाचांना फोन करून सांगावं असं मनात आलं होतं. करू नंतर, म्हटलं. त्या आठवड्यात माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं. फोन राहून गेला.

महिन्याभरानंतर, सकाळी साडेअकराच्या सुमारास, चाचांच्या टोळीतल्या एकाचा फोन आला. तो तेलुगूत इतक्या भरभर बोलत होता की मला आधी काही कळेना. मग एक वाक्य कळलं. उस्ताद पडले.

दुसरी तुळई चढत होती. भोकं बोटभर इकडेतिकडे होती. चाचा स्वतः पहिल्या तुळईच्या टोकाला बसले होते. टोळीतला कोणीही म्हणाला असता तरी त्यांनी त्या जागी दुसऱ्याला बसू दिलं नसतं. पट्टा बांधलेला होता, पण तो त्याच तुळईला. नट काढले, बोल्ट मागे घेतले, आणि दुसरी तुळई क्रेनला झुलत पहिलीवर आदळली. पहिलीचं टोक सुटलं. चाचा तिच्याबरोबर खाली आले.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा ते अतिदक्षता विभागात होते. मला आत सोडलं नाही. बाहेर बाकावर त्यांची बायको आणि मोठी मुलगी बसल्या होत्या. मी ऑफिसची आहे एवढंच सांगितलं. मुलीने मला पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

पुढच्या सोमवारी साहेबांनी दार लावून घेतलं. चौकशीला अधिकारी येणार होते. "जोडाचं कॅलक्युलेशन नीट मांडून दे," ते म्हणाले. "चार बोल्ट, पूर्ण लोड, सगळं दाखव. डिझाइन बरोबर आहे. बोल्ट त्यांनी उघडले."

मी दिवसभर बसून ते केलं. बोल्ट कापला जाण्याची ताकद, प्लेट फाटण्याची ताकद, खांबाच्या पत्र्यावरचा दाब. सगळं लागतं त्याच्या दुपटीहून जास्त निघालं. एकही आकडा खोटा नव्हता. खाली सही केली. घरी आले तेव्हा बाबांनी विचारलं, "जेवलीस का?" मी हो म्हटलं. जेवले नव्हते.

चौकशीच्या कच्च्या अहवालात लिहिलं होतं की अपघात उभारणी करणाऱ्या मुख्य कारागिराच्या निष्काळजीपणामुळे झाला. तो कागद माझ्या टेबलावर आला, वाचून परत पाठवायला. मजकुरात काही चूक असेल तर कळवा, अशी वर चिठ्ठी होती.

मी चाचांच्या घरी गेले. जुन्या शहरात, एका अरुंद गल्लीत, दोन खोल्या. चाळिसाव्या दिवसाचा विधी अजून व्हायचा होता. त्यांच्या बायकोने मला ओळखलं, बसायला सतरंजी टाकली. अहवालातलं त्यांना कळलं होतं, टोळीतल्या कोणीतरी सांगितलं होतं. त्या रडत नव्हत्या. त्यांनी सरळ विचारलं.

"बेटी, तुम नक्शा बनाते ना. तुमकू मालूम. उनकी गलती थी क्या?"

मी म्हटलं, "नहीं."

"फिर किसकी?"

मी सांगितलं. अँगल दिला होता, पाइप मध्ये येत होते, मी काढला, दुसरा उपाय ठाऊक असून केला नाही, फोन केला नाही. माझ्या मोडक्या दखनीत ते सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "ये लिख के देते क्या? उनका नाम उसमे से निकालना."

मी दुसऱ्या दिवशी लिहून दिलं. अधिकाऱ्याकडे, माझ्या सहीने, जुना नकाशा आणि नवा नकाशा जोडून. एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "कायद्याने आपण चुकलो नाही. कुठल्या नियमात लिहिलंय अँगल द्यायलाच हवा म्हणून? तू आम्हाला सगळ्यांना यात ओढलंस." संध्याकाळी मला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. मी भांडले नाही.

अधिकाऱ्याने मला दोनदा बोलावलं, शांतपणे ऐकून घेतलं. पक्क्या अहवालात 'निष्काळजीपणा' हा शब्द राहिला नाही. त्याऐवजी लिहिलं होतं, की डिझाइन आणि उभारणी यांच्यात समन्वय नव्हता. चाचांचं नाव त्यातून काढलं गेलं. माझंही आलं नाही, साहेबांचंही नाही. चाळीस फुटांवरून एक माणूस पडला आणि तो कोणामुळेच पडला नाही.

अहवालाची प्रत मी मुलीला पाठवली, आणि त्यातलं समन्वयाचं वाक्य दखनीत लिहून समजावलं. बऱ्याच वेळाने तिचा फोन आला.

"अब्बा का नाम नहीं है ना इसमे?"

"नहीं है."

"ठीक है." मग ती म्हणाली, "अम्मी बोल रही, तुम सच बोले, अल्ला देखेगा. पन घर कू मत आव. तुमकू देखे तो उनकू वो दिन याद आता."

मी तिच्याच बोलीत 'हौ' म्हटलं.

नंतर मला दुसऱ्या ऑफिसात काम मिळालं. तेच काम, जोडांचं. बाबा म्हणाले होते, दुसरं काही कर, शिकवणी घे, पण मला दुसरं काही येत नाही. नवीन साइटवरून फोन येतात, तरुण फोरमन असतात, मॅडम म्हणतात, घाईत असतात. मी त्यांना विचारते की आधी कोणती तुळई चढवणार. बहुतेकांना हा प्रश्न कशाला, ते कळत नाही. चाचांच्या गल्लीच्या तोंडाशी मी एकदा गेले होते, ईदच्या आदल्या दिवशी, मिठाई घेऊन. तिथे रिक्षातच बसून राहिले आणि मग रिक्षावाल्याला परत फिरवायला सांगितलं.