मंडईच्या दिवशीचा मॅनेजर राउंड

पुण्याची नोकरी गेली आणि मी दोन बॅगा घेऊन गावी आले, त्याच संध्याकाळी बाबांनी गल्लीत सांगून टाकलं की पोरीला कंपनीनं घरून काम करायला दिलं आहे. मला विचारलंसुद्धा नाही. मी ओसरीत बूट काढत होते आणि बाहेर त्यांचा आवाज ऐकू येत होता, "आता घरूनच करते म्हणे. लॅपटॉपवर." मला राग आला, पण बाहेर जाऊन खरं सांगायचं धाडस काही झालं नाही. वाटलं, महिना-दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. सहा वर्षं सॉफ्टवेअर तपासायचं काम केलेली बाई, तिला दुसरी नोकरी लागायला कितीसा वेळ लागणार?

वर्ष लोटलं.

आमचं गाव सिहोऱ्याच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये बसलेलं. इथे कोण कुठे जातं, काय आणतं, कोणाच्या घरी आज भात उशिरा शिजला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. अशा गावात बिननोकरीच्या माणसानं नोकरी करून दाखवायची म्हणजे नोकरीपेक्षा जास्त मेहनत. बाबांनी माझी वेळ ठरवून दिली होती. सकाळी नऊला मागच्या खोलीत जायचं आणि सहाच्या आधी बाहेर यायचं नाही. दुपारी जेवायला स्वयंपाकघरात, पण अंगणात नाही. शनिवार-रविवार मोकळा. एकदा मंगळवारी अकरा वाजता मी केस वाळवायला अंगणात उभी राहिले, तर शेजारची काकू कुंपणावरून म्हणाली, "काहून वो, आज ड्युटी नाई का?" मी म्हटलं, "सुट्टी घेतली." त्यावर तिनं विचारलं, "बरं नाई का तुले?" संध्याकाळपर्यंत तीन बायका माझी तब्येत विचारून गेल्या. त्यानंतर मी केस खोलीतच वाळवायला लागले.

गंमत अशी की त्या खोलीत मी खरोखरच नऊ ते सहा राबत होते. अर्ज करायचे. ज्या जागेला अर्ज करायचा तिच्या भाषेत आपला रेझ्युमे फिरवून लिहायचा. सगळी माहिती रेझ्युमेत असताना तीच माहिती पुन्हा त्यांच्या साइटवर एकेका चौकोनात भरायची. मग 'तुमच्या प्रोफाइलनं आम्ही प्रभावित झालो, परंतु' असा मेल. मला त्या 'परंतु'ची इतकी सवय झाली होती की मी मेल खालून वर वाचायची. दिवसभर हातानं बटणं दाबून तपासणाऱ्यांचे दिवस संपले, आता तपासणारा प्रोग्राम लिहिता आला पाहिजे, असं प्रत्येक फोनवर ऐकू यायला लागलं, म्हणून तेही शिकले. शिकून झालं तेव्हा विचारायला लागले, एआयची साधनं वापरली आहेत का? तेही सुरू केलं. मी एक पायरी चढले की हे लोक जिनाच वर सरकवायचे.

आणि सगळ्यात शेवटी, सगळं नीट झाल्यावर, तो गॅप. "मागची नोकरी संपून इतके महिने झाले, मध्ये काय करत होता?" या एका प्रश्नावर मी किती इंटरव्ह्यूंतून बाहेर पडले ते सांगत नाही. पुण्याच्या मैत्रिणीनं सल्ला दिला, "खरं बोलून कोणाचं भलं झालंय? छान इंग्रजी वाक्य तयार कर." मग मी केलं. करिअरमध्ये जाणीवपूर्वक विराम घेतला, अपस्किलिंगवर लक्ष दिलं, आता नव्या आव्हानांसाठी उत्सुक आहे, असं काहीतरी. आरशासमोर म्हणून म्हणून ते वाक्य इतकं गुळगुळीत झालं होतं की त्यात मी कुठेच उरले नव्हते.

आई या सगळ्यात एका बाजूला होती. इंटरव्ह्यू असला की ती कुकर लावायची नाही, शिट्टी होते म्हणून. कोंबड्या हाकलून मागे न्यायची. आणि इंटरव्ह्यू संपला की माझ्या चेहऱ्याकडे एकदा पाहून चहा ठेवायची. काही विचारायची नाही. तिच्या त्या न विचारण्याचा मला बाबांच्या बढाईपेक्षा जास्त त्रास व्हायचा, कारण बाबांवर निदान चिडता तरी यायचं.

दिवाळी झाली आणि मंडई आली. आमच्याकडे भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरते, आज या गावात तर उद्या त्या. दिवसा ढोलाच्या तालावर दंडारीचा नाच होतो, शिंगाडे-ऊस-मिठाईची दुकानं लागतात, रात्री नाटक. घरोघरी पाहुणे येतात, बरबटीचे, म्हणजे चवळीचे वडे तळले जातात, आणि वडे खाता खाता लग्नं जमतात. मुलगी दाखवणं वगैरे काही म्हणायचं नाही. पाहुणे मंडईला आले, सहज बसले, सहज मुलगी दिसली. सगळं सहज.

आमच्या गावची मंडई ज्या दिवशी, त्याच दिवशी दुपारी चार वाजता माझा मॅनेजर राउंड लागला. कंपनी चांगली होती. आधीचे दोन राउंड पार पडले होते, इथवर त्या वर्षात मी पहिल्यांदाच पोहोचले होते. एचआरच्या मुलीला मी दिवस बदलून मागितला. ती म्हणाली, मॅनेजर दुसऱ्या दिवशी बाहेर जाणार आहेत, जमत नसेल तर पुढच्या उमेदवाराला बोलावते. मी घाईघाईनं म्हटलं, जमतं, जमतं.

तुमसरला एका मैत्रिणीच्या खोलीवर जाऊन इंटरव्ह्यू द्यायचा, असं मी ठरवलं. बाबांनी ते उडवून लावलं.

"शहापूरचे पाहुणे येऊन रायले न. त्याईचा पोरगा जवाहरनगरच्या फॅक्टरीत पर्मनंट आहे. त्याईले सर्विसवाली पोरगी पायजे. अन् मंडईच्या दिवशी पोरगीच घरी नाई तर मी काय सांगू?"

"बाबा, मले सर्विस आहे कुठी?"

"लागते न आज," बाबा म्हणाले. "आज लागली का सारं खरंच होते."

त्यांच्या हिशेबात काही चूक नव्हती. दुपारी चारला इंटरव्ह्यू, साडेचारला नोकरी, पाचला सोयरीक. मी इतकी वैतागले की हसूच आलं.

चारला मी मागच्या खोलीत बसले. नव्या धानाची पोती तिथे भिंतीला लावून ठेवली होती, त्यामुळे आवाज जरा कमी यायचा. पण मंडईची एक गोष्ट मी विसरले होते. गावात माणूस मावत नव्हता आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता. जो तो दंडारीचा व्हिडिओ काढून कोणाला तरी पाठवत होता. लॅपटॉपवर मॅनेजरचा चेहरा आला, थिजला, गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. शेवटी त्यांनी साधा फोन लावला. इयरफोनमधून माझा आवाज त्यांना तुटक जात होता, म्हणून त्यांनी इयरफोन काढायला सांगितला. मग फोन स्पीकरवर टाकून मी तो खिडकीच्या गजांशी धरून उभी राहिले, कारण खोलीत तेवढ्याच जागी रेंज होती.

पहिली दहा-बारा मिनिटं छान गेली. इंग्रजीत. मी काय काय तपासलंय, कसं तपासते, एकदा बँकेच्या ॲपमध्ये कोणाला न दिसलेली चूक कशी पकडली, ते सांगत होते. मॅनेजर ऐकत होते, मध्ये मध्ये "गुड, गुड" म्हणत होते. वर्षभरात पहिल्यांदा मला माझाच आवाज ओळखीचा वाटला.

तेवढ्यात दार उघडलं.

दारात बाबा, आणि त्यांच्या मागे शहापूरचे पाहुणे, नवरा-बायको. बाईंच्या हातात अजून वड्याची प्लेट. बाबांना ठाऊक होतं की आत इंटरव्ह्यू चालू आहे. पण त्यांचा विचार असा, आणि हे त्यांनी नंतर आईला सांगितलं, की इंग्रजीत बोलली म्हणजे मीटिंग काय न इंटरव्ह्यू काय, त्याईले काय समजते? ते बाहेर कान देऊन थांबले होते. इंग्रजीनं चांगला वेग घेतल्यावर त्यांनी दार उघडलं. पोरगी ड्युटीवर असताना दाखवायची, याहून पक्का पुरावा कोणता?

मी हातानं जा, जा म्हणून खुणावलं. पाहुण्यांना वाटलं, बसा म्हणतेय. ते दोघं धानाच्या पोत्यांवर बसले. बाई कौतुकानं हसल्या. बाबा छाती काढून उभे.

नेमका तेव्हा शाळेच्या पटांगणावरचा भोंगा खरखरला आणि दंडारीचा ढोल खोलीत घुसला. मॅनेजर थांबले. "वन सेकंड," ते म्हणाले, आणि मग सरळ मराठीत, "अहो, कुठून बोलताय तुम्ही? लग्न आहे का?"

"नाही सर, गावची मंडई आहे. दिवाळीनंतर भरते."

"असं होय! मग मराठीतच बोलू, तुम्हालाही बरं पडेल." ते मोकळेपणानं हसले. "मला तुमचं काम आवडलं. एकच विचारायचं होतं. तुमची शेवटची नोकरी मागच्या वर्षी संपलेली दिसते. तेव्हापासून काय करताय?"

फोन स्पीकरवर होता. प्रश्न खोलीत सगळ्यांनी ऐकला.

पाहुण्या बाईंचं चावणं थांबलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी आयुष्यात विसरणार नाही. मोठा माणूस इतक्या केविलवाण्या डोळ्यांनी कधी पाहत नाही. सांभाळ, एवढंच ते म्हणत होते. आणि ज्या वाक्यानं सांभाळायचं ते माझं पाठ वाक्य इंग्रजीत होतं. मराठीत ते म्हणायला गेले तर तोंडात यायलाच तयार नाही. जाणीवपूर्वक विराम? ढोल वाजत होता. मॅनेजर "हॅलो?" म्हणाले. काही नाही बोलले तर नोकरी गेली, खरं बोलले तर बाबा गेले, आणि खोटं बोलले तर पुढचा प्रश्न कंपनीचं नाव काय हाच येणार होता.

"सर, मी घरी बसून आहे," मी म्हटलं. "कंपनीनं काढलं. माझ्यासोबत बऱ्याच जणांना काढलं. तेव्हापासून रोज नऊ ते सहा नोकरी शोधते. मध्ये ऑटोमेशन शिकले, ते येतं मला. पण एक वर्ष मला कोणी घेतलेलं नाही."

फोन मी गजांशी आणखी जवळ धरला.

पाहुणे उठले. बाईंनी प्लेट पोत्यावर ठेवली, नीट, आवाज न करता. त्यांच्या मागोमाग बाबाही गेले आणि दार ओढलं गेलं. ते पाहुण्यांची समजूत काढायला गेले असणार, असं मी धरून चालले. आत्ताच्या आत्ता फोन ठेवून पोत्यांवर आडवं पडावंसं वाटत होतं. मॅनेजर काहीतरी विचारत होते, पण रेंज पुन्हा तुटत होती आणि ढोलाखाली त्यांचा एक शब्द धड कळत नव्हता. "सर, सॉरी, पुन्हा सांगता का," मी तीनदा म्हटलं. चौथ्यांदा म्हणायची लाज वाटली. संपलं, असं मी मनाशी म्हणत होते.

आणि ढोल बंद झाला.

भोंग्यातून माइकवर कोणीतरी फुंकर मारली. मग बाबांचा आवाज आला. त्यांना माइकची सवय नव्हती, ते फार जवळून बोलत होते.

"सारे गाववाले अन् पाहुणेमंडळी. अर्धा घंटा दंडार थांबवा जी. अन् आपापला मोबाईल बंद ठेवा, टावर जाम होऊन रायला. माह्या पोरीचा इंटरव्ह्यू चालू आहे." मग जरा थांबले. इतके थांबले की मला वाटलं, उतरले खाली. "तिले नोकरी नाई. वर्ष झालं. घरून काम करते म्हणून मीच सांगतलं होतं. ते खोटं होतं. आता तिले बोलू द्या."

मंडईत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. फोनवर रेंजचे दांडे एकेक करून वर चढले.

"हे कोण बोलत होतं?" मॅनेजरनी विचारलं. आता त्यांचा आवाज स्वच्छ येत होता.

"माझे बाबा," मी म्हटलं, आणि मग मला रडू आवरलं नाही. ते थांबले. मी नाक पुसलं आणि म्हटलं, "विचारा सर."

ती नोकरी मला लागली नाही. दोन आठवड्यांनी मेल आला, खालून वर वाचला, 'परंतु' होताच. शहापूरहून पुन्हा निरोप आला नाही. आणि खोटं संपलं म्हणून सुख आलं, असंही काही झालं नाही. आधी गल्ली ड्युटीचं विचारायची, आता सगळा गाव "लागली का?" विचारायला लागला. दुधवाला, पोस्टमन, गिरणीवाला. चिडचिड व्हायची ती व्हायचीच. फक्त केस अंगणात वाळवता यायचे.

बाबा मात्र बदलले. माझा इंटरव्ह्यू असला की ते रस्त्याच्या बाजूनं खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दटावायचे, "हळू बोला जी, पोरीचा इंटरव्ह्यू आहे." लपवाछपवी नाही, उघड्यावर. हिवाळा तिथे बसून काढला त्यांनी. उन्हं तापायला लागली तेव्हा खुर्ची कडुनिंबाखाली सरकवली. प्रत्येक 'परंतु' मी त्यांना त्या खुर्चीशी जाऊन सांगायची. ते म्हणायचे, "बरं. पुढचा कधी आहे?"

नागपूरच्या एका छोट्या कंपनीनं फोनवरच 'कधीपासून येता' विचारलं, त्या दुपारी मी दार उघडून धावत बाहेर आले. शेजारची काकू कुंपणापाशी उभी राहून काहीतरी सांगत होती आणि बाबा हात वर करून तिला गप्प करत होते, "आवाज नको करू वो, आत चालू आहे."

"बोलू द्या न तिले, बाबा," मी म्हटलं. "लागली."