आंदणाचा पितळी गुंड

तो गुन्हा आठवला की आजही मला आधी हसू येतं आणि मग स्वतःची थोडी लाज वाटते.

निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना माझी साताऱ्याकडून गोंदिया जिल्ह्यात बदली झाली. ठाणं सडक अर्जुनीच्या बाजूचं. हद्दीतल्या एका गावात एक गृहस्थ होते. नाव सांगत नाही, गावही त्यांना नुसतं भाऊच म्हणायचं. दिवाळीनंतरच्या मंडईची, म्हणजे जत्रेची, गर्दी आवरायची, रक्तदानाला माणसं गोळा करायची, कोणी गेलं की तिरडी बांधायची, सगळ्यात भाऊ पुढे. बंदोबस्ताला ते आमच्या शिपायांआधी हजर असत आणि कुणी कुठे उभं राहायचं ते शिपायांनाच सांगत. ते स्वतः गेले तेव्हा नीट तिरडी बांधणारा गावात दुसरा उरला नव्हता. चार जण भांडले, तीनदा सोडून पुन्हा बांधली. मला हसू येत होतं आणि रडूही.

आठव्या दिवशी त्यांच्या पत्नी ठाण्यात आल्या. घरातला गुंड चोरीला गेला होता. गुंड म्हणजे पाण्याचं मोठं पितळी भांडं, आमच्याकडे हंडा म्हणतात तसलं. लग्नातला, नाव कोरलेला, माळ्यावर जपून ठेवलेला. तेरवीला, म्हणजे तेराव्याला, तो भरून ठेवायचा होता. वहीम सुनेवर. तिच्याशिवाय माळ्यावर कोणी चढत नाही, तेरवी झाली की तिनं माहेरी जावं, असं त्यांनी सांगून टाकलं. मुलगा बाहेर मान खाली घालून बसला होता. भरलं घर मोडायला आलं होतं. मी फिर्यादीत लिहिलं, 'नाव कोरलेला गुंड'. नाव कोणाचं, हे विचारलंच नाही. नवऱ्याचंच असणार, असं धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी खबऱ्यानं बातमी आणली, तळ्याकाठच्या एका घरी भाऊंच्या नावाचा गुंड आहे. गेलो, तर खरंच होता. रीतसर पंचनामा केला, गुंड जप्त केला. तेवढ्यात शेजारच्या घरी दुसरा निघाला, मग चक्कीजवळ तिसरा. दुपारपर्यंत ठाण्याच्या व्हरांड्यात नऊ गुंड आणि त्यांच्यामागे नऊ संतापलेल्या बाया. आता पाणी कशात भरू, म्हणून एकीनं ठाण्याचाच माठ मागितला. हे टोळीचं काम दिसतं, असं हवालदार म्हणाला आणि मलाही ते पटलं. नवव्या पंचनाम्यावर सही करताना पंच घुटमळला.

"साहेब, असा एक माह्याही घरी हाय. बायकोले आंदणात आला."

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ज्या मुलीला आंदण द्यायला बाप नाही, तिच्या लग्नात भाऊ आपल्या नावाचा गुंड देत. देणाऱ्याचं नाव भांड्यावर कोरायची रीत मला नवी नव्हती. सासऱ्यांचं नाव असलेल्या ताटात मी स्वतः रोज जेवतो. पण वर्दी अंगात चढली की साधी गोष्ट सुचत नाही.

भाऊंच्या पत्नीला, गावाच्या काकूंना, ओळख पटवायला बोलावलं. त्यांनी एकेक गुंड फिरवून पाहिला. "यायच्यावर ह्यांचं नाव हाय. माह्या गुंडावर माह्या बापाचं नाव हाय, साहेब. तुमी इचारलं काऊन नाही?"

गुंड परत केले आणि महिला शिपायाला घेऊन सुनेचा जबाब घ्यायला गेलो. माझा अनुभव असा की चोर हात जोडतो आणि निर्दोष माणूस भांडतो. ही दोन्ही करीना. प्रश्न विचारला की भिंतीवरच्या सासऱ्याच्या फोटोकडे बघायची. मी म्हटलं, त्यांना विचारता आलं असतं तर मी तुझ्याकडे कशाला आलो असतो? तेव्हा ती रडली. दोन महिन्यांपूर्वी भाऊंनीच गुंड खाली काढला होता. कल्हईला नेतो, सासूला सांगू नकोस, म्हणून वचन घेतलं होतं.

"तेरवीच्या आंधी त्यायले चोर कशी म्हनू?" ती म्हणाली.

भाऊंचे सगळे गुंड सडक अर्जुनीच्या एका म्हाताऱ्या कल्हईवाल्याकडे जात. नावंही तोच कोरायचा. त्याला नीट आठवत होतं. "साहब, उसपे पहले से नाम था. मैंने पूछा, घिस दूँ? बोले, नहीं, बस चमका दो." एका मुलीचं लग्न चार दिवसांत उरकायचं होतं, नवा गुंड आणायला सवड नव्हती. मुलगी सालेकशाला दिलेली.

सासू-सुनेला जीपमध्ये बसवून तिकडे निघालो. काकू वाटभर गेलेल्या नवऱ्याला इतक्या मनापासून शिव्या देत होत्या की ड्रायव्हर गिअर टाकायला विसरला. सालेकसा आलं तेव्हा त्या थांबल्या होत्या आणि सुनेचा हात त्यांच्या हातात होता.

मुलीनं आम्हाला पाणी दिलं, त्याच गुंडातलं. कशासाठी आलो ते सांगताच ती बिचारी गुंड रिकामा करू लागली. काकूंनी तिला थांबवलं आणि बापाच्या नावावरून बोट फिरवलं.

"ज्याच्यावर माह्या बापाचं नाव, ते आंदण माह्या बापाचंच. म्हंजे तू माही बहीन झाली. बहिनीचं आंदण वापस घेते काय कोनी? तेरवीले ये, अन् येताना हा घेऊन ये."

गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून मी कोर्टात 'क' समरी पाठवून तपास बंद केला. चोर सापडला होता, पण त्याला समन्स कुठे बजावणार? त्यानंतर कोणतीही फिर्याद घेताना मी आधी विचारायचो, नाव कोणाचं?

तेरवीला पाण्याचा टँकर मागवावा लागला नाही. ज्यांचे गुंड मी जप्त केले होते, त्या साऱ्या बाया आपापला गुंड भरून आल्या. सालेकशाचाही आला. मी मांडवाच्या तोंडाशी घुटमळत होतो, तर सून वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "साहेब, वाटेत उभे नोका राहू. तिकडं पंक्तीत बसा."

पोलिसानं कुठे उभं राहायचं ते सांगणाऱ्या भाऊंची जागा रिकामी राहिली नव्हती. मी मुकाट्यानं जाऊन बसलो.