तीन अँपांचं ग्यान

आमच्या गाडीत टेपचा आवाज वाढवणारे तीन अँप, म्हणजे अँप्लिफायर, होते आणि तिघांवरही निळ्या पेनाने एकच शब्द लिहिलेला होता, ‘ग्यान’. लिहिणारा सौंसरच्या बसस्टँडसमोरचा मिस्तरी. अँपवर एक गोल बटण असतं आणि त्याच्या बाजूला इंग्रजीत ‘गेन’ छापलेलं असतं, ते त्याने जसं वाचलं तसं लिहून टाकलं. आमच्या भागात ज्ञानाला ग्यानच म्हणतात, त्यामुळे कोणाला काही खटकलंही नाही. माझे यजमान तर गाडी दाखवायला कोणाला आणलं की ऐटीत सांगायचे, तिन्हीचं ग्यान फुल ठेवलंय.

मी पांढुर्ण्याच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. हे ऐकलं की माझं टाळकंच सटकायचं. मी सांगून सांगून थकले, की अहो, टेपमधून निघालेला बारीकसा आवाज अँपने किती पटीने वाढवायचा ते त्या बटणाने ठरतं, त्यात ज्ञानाचा काही संबंध नाही. यांचं उत्तर ठरलेलं. मग जितकं जास्त तितकं चांगलंच ना! पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

गाडी घेतली ती मुळात मामाजींसाठी. मामाजी म्हणजे माझे सासरे. प्राथमिक शाळेतून गुरुजी म्हणून रिटायर झालेले, आणि भजनी मंडळात पेटी वाजवणारे. त्यांना दर शनिवारी जामसांवलीच्या मारुतीला जायचं असायचं आणि बसमध्ये उभं राहून त्यांचे गुडघे धरायचे. संत्र्याचा बगीचा एका वर्षी चांगला लागला, तेव्हा यांनी नागपूरहून जुनी मोटार आणली, तिच्यात टेप आणि एक अँप बसवला, आणि आमचे शनिवार सुरू झाले. मामाजी मानाने पुढे, यांच्या बाजूला. मी मागे, डब्यातल्या पोळ्या सांभाळत. दर्शन झालं की तसंच पुढे सौंसरला, माझ्या माहेरी चहा, आणि दिवस मावळायच्या आत परत. बापलेक रस्ताभर बोलायचे. कोणत्या विहिरीला किती पाणी, कोणाचा कापूस कसा, कोणत्या भजनात कोण कुठे घसरला. मला मागून एक शब्द मध्ये टाकायची सोय नसायची. पण खरं सांगते, मला ते ऐकायला फार आवडायचं.

मग एका हिवाळ्यात मामाजींना ताप आला, तो पंधरा दिवस राहिला, आणि त्यानंतर ते बदलले. गाडीत गप्प बसायला लागले. हे काही विचारायचे, तर उत्तर नाही. दोनदा विचारलं तर ‘हूं’. होता होता त्यांनी येणंच बंद केलं. एका शनिवारी पाठ धरली, दुसऱ्या शनिवारी कोणी भेटायला येणार होतं, तिसऱ्या शनिवारी नुसतंच म्हणाले, गाडीत गाणं नाही ऐकू येत, गोंगाट ऐकू येते.

यांनी ते जिवाला लावून घेतलं. बाबुजी माझ्यावर नाराज आहेत, मी गाडीवर खर्च केला ते त्यांना पटलं नाही, असं यांच्या डोक्यात बसलं. बापाला थेट विचारायची हिंमत नाही. मग या माणसाने काय करावं? गाणं ऐकू येत नाही म्हणतात ना, तर दुसरा अँप आणला. तरी मामाजी येईनात, म्हणून तिसरा. एक नागपूरचा, एक कोणा बँडवाल्याकडचा उतरलेला, आणि एक त्या मिस्तरीने स्वतः पत्र्याच्या डब्यात जोडलेला. पहिला पुढच्या स्पीकरांना, दुसरा मागच्या डाव्याला, तिसरा मागच्या उजव्याला. तिघांचं ग्यान फुल. गाडी सुरू झाली की पार पुढच्या तिगावच्या स्टेशनवरची कुत्री उठून बसत असतील. मागच्या सीटवर माझ्या डाव्या कानात बँडवाल्याचा अँप गरजायचा आणि उजव्या कानात मिस्तरीचा डबा फाटल्यासारखा खरखरायचा. म्हातारा माणूस येईल कसा?

आठ शनिवार रिकामे गेले. नवव्या आठवड्यात जेवताना यांनी चौथ्या अँपचा विषय काढला, तेव्हा मी ताट सरकवलं. म्हटलं, चौथा अँप या घरात आला तर मी सौंसरची बस पकडीन. आधी आहेत त्या तिघांना एका मापात आणू द्या. हे म्हणाले, तुला काय कळतं त्यातलं? बस, तेवढंच पुरे झालं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेतून काट्याचं मीटर मागून आणलं. विचार सोपा होता. तिन्ही अँपांना एकच, सारखा राहणारा सूर द्यायचा, स्पीकरच्या तारांवर किती व्होल्ट येतात ते मीटरवर बघायचं, आणि तिघांचा आकडा एक होईपर्यंत बटणं फिरवायची. गाण्यावर हे होत नाही, गाणं वर-खाली होतं. एकसारखा सूर आणायचा कुठून, तर घरातच पेटी होती आणि पेटीवाला रुसून बसला होता.

मामाजींना म्हटलं, एकच पट्टी दाबून दहा मिनिटं भाता हलवा, मला टेप करायचंय. ते म्हणाले, एका सुराला भजन म्हणत नाहीत, सूनबाई. मी म्हटलं, भजन नाही, प्रयोग आहे. जन्मभर मुलांना शिकवलेला माणूस, प्रयोग म्हटल्यावर बसले. आणि काय सांगू, काय हात होता त्यांचा! दहा मिनिटं तो सूर हलला नाही. सातव्या मिनिटाला मात्र वैतागून विचारलंच, ‘झालं का, सूनबाई?’ तेही टेपवर आलं. परत वाजवायला सांगायचा धीर मला झाला नाही.

रविवारी सकाळी अंगणात गाडीची डिकी उघडली. टेपचा आवाज अर्ध्यावर ठेवला आणि तो कोणी हलवू नये म्हणून त्या बटणावर खूण केली, माझ्या कपाळाची टिकली काढून. मग तिन्ही अँपांचं ग्यान शून्यावर आणलं. हे जोत्यावर बसून असे बघत होते, जणू मी यांच्या जमिनीचे कागद फाडून राहिले. एकेक अँप घेतला, सूर लावला, काटा चारवर येईपर्यंत बटण हळूहळू फिरवलं आणि तिथे टिकली लावली. नागपूरवाल्याला पाव फेरा पुरला, बँडवाल्याला अर्धा. मिस्तरीच्या डब्याला पाऊण लागला, पण तेवढ्यात त्याची खरखर गेली. कुवतीबाहेर ओरडायला लावलं की कोणाचाही आवाज फाटतो.

मिस्तरी त्या दिवशी बाजाराला म्हणून पांढुर्ण्यात आलेला होता, तोही येऊन उभा राहिला. सगळं पाहून मान हलवत म्हणाला, ‘वहिनी, तुमी तं तिघायचं ग्यान बराबर केलं.’ त्या दिवशी मी त्याला दुरुस्त केलं नाही. मग भजनाची कॅसेट लावली, आणि गाडीत पहिल्यांदा गाणं ऐकू आलं. टाळ वेगळे, पेटी वेगळी, शब्द स्पष्ट. हे उठून मिस्तरीसाठी चहा सांगायला आत गेले, आणि मिस्तरीही त्यांच्यामागे गेला. मला तेवढं बस होतं.

मी मामाजींना बाहेर बोलावलं आणि मागच्या सीटवर बसवलं. सगळा खटाटोप त्यांच्यासाठीच होता. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, चांगलं आहे, पण उजव्या बाजूचा बंद आहे.

बंद कसा असेल? मी परत पेटीचा सूर लावून मीटर धरलं. डावा चार, उजवा चार. त्यांना म्हटलं, परत ऐका. तेच, उजवा बंद. मी तारांची अदलाबदल केली, डावा अँप उजवीकडे आणि उजवा डावीकडे. तरी उजवाच बंद. मग स्वतः जाऊन बसले. मला दोन्ही सारखे. आता माझा पारा चढायला लागला. तिन्ही अँप माझं ऐकतात, आणि हे म्हातारे काही केल्या ऐकत नाहीत! शेवटी म्हटलं, मामाजी, आता सीटवर मांडी घाला आणि मागच्या काचेकडे तोंड करून बसा. ते बसले, देवळात बसतात तसे. मी तोच सूर चालू ठेवला आणि विचारलं, आता कोणता बंद?

त्यांनी उजवा हात वर केला, आणि तो हात ज्या स्पीकरकडे गेला तो आत्ताच त्यांना ठणठणीत ऐकू येत होता. हात तसाच राहिला. त्यांनाही कळलं, मलाही कळलं. बिघाड गाडीबरोबर राहत नव्हता, त्यांच्याबरोबर फिरत होता.

‘मीटर ठेव खाली, सूनबाई,’ ते हळूच म्हणाले. ‘तुहं मशीन बराबर हाये. माहा उजवा कानच गेला.’

तापात गेला होता. आणि एकदम सगळं माझ्या ध्यानात आलं. बैठकीतली खुर्ची त्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात नेली होती, आम्हाला वाटलं वाऱ्यासाठी. आणि गाडीत पुढे बसलं की गाडी चालवणारा मुलगा नेमका उजव्या बाजूला. तो बिचारा रस्ताभर त्या मेलेल्या कानाशी बोलायचा, उत्तर आलं नाही की मनातल्या मनात झुरायचा, आणि पुढे अँपावर अँप आणत सुटला.

मामाजींनी मला शब्द मागितला. मंडळात कळलं तर पेटीवर दुसऱ्याला बसवतील. आणि पोराला कळलं तर तो रोज माझ्याशी ओरडून बोलेल, जगाला ऐकू जाईल असं. पोराले सांगू नोको, म्हणाले. मी शब्द दिला.

पण शनिवार तर जमवायचा होता. मग मी, सत्याचा प्रयोग करणारी मास्तरीण, यांच्यासमोर धडधडीत खोटं बोलले. म्हटलं, पुढच्या अँपचं ग्यान वेगळं पडतं, मामाजींना मागेच बसवा, तुमच्या पाठीमागे, उजव्या खिडकीशी. यांनी निमूट मान हलवली. ग्यान हा शब्द माझ्या तोंडून निघाला, त्यातच गार झाले असतील.

त्या शनिवारी मामाजी आले. उजव्या खिडकीशी बसले, त्यांचा चांगला कान गाडीच्या आत, माझ्याकडे. पांढुर्णा सुटल्यावर यांनी भीत भीत म्हटलं, बाबुजी, औंदा संत्र्याचा आंबिया बहार बरा दिसून राहिला. मामाजी म्हणाले, बरा दिसते, पण पाणी कमी देऊन राहिला तू. एवढंच! पण यांचे कान मागून लालबुंद झालेले मी पाहिले. तिथपासून जामसांवलीपर्यंत बापलेक पाण्यावर भांडले आणि मी डबा मांडीवर घेऊन सुखाने ऐकत बसले. दर्शनाला ते दोघं पुरुषांच्या लाइनीत गेले. बाहेर आले तेव्हा यांचे डोळे लाल होते. उदबत्तीचा धूर फार आहे, म्हणाले.

मामाजींनी त्यानंतर पुष्कळ वर्षं शनिवार केले आणि पेटीही वाजवली. मी शब्द पाळला. लग्नाकार्यात मी धावत जाऊन त्यांच्या डाव्या बाजूच्या खुर्च्यांवर माणसं बसवायची, पंगतीत त्यांच्यासाठी उजव्या टोकाची जागा धरायची. कधीकधी त्याच खुर्चीला हेही हात घालायचे आणि आमची टक्कर व्हायची. मला वाटायचं, गाडीतल्या शनिवारांनी या माणसाला बापाची काळजी घ्यायला शिकवलं.

मामाजी गेले त्याच्या पुढच्या दिवाळीत, कपाट आवरताना ती कॅसेट सापडली. आम्ही दोघांनी ती घरच्या टेपवर लावली. तोच सूर, न हलणारा. सातव्या मिनिटाला ‘झालं का, सूनबाई?’ आलं आणि मला रडूच फुटलं. म्हटलं, आता शब्द कोणासाठी पाळायचा? यांना सगळं सांगून टाकलं. कान, खुर्ची, मागच्या सीटचं खोटं, सगळं.

यांनी टेपचा आवाज थोडा कमी केला. मग म्हणाले, ‘मले माहीत होतं. त्याच शनिवारी, दर्शनाच्या लाइनीत बाबुजीनं मले सांगतलं. म्हणे, सूनबाईले कळू देऊ नोको. तिनं एवढ्या मेहनतीनं मशीन जमवलं, तिले वाटन सारं वाया गेलं.’

मी पदराने डोळे पुसायला लागले. टेपवर सूर चालूच होता.

‘म्हंजे इतके वर्षं,’ हे म्हणाले, ‘आपल्या दोघायचं ग्यान बराबरच होतं.’