देवीच्या नावचा घेवडा

सोलापुरात देवीच्या नावावर सगळ्यात जास्त मालमत्ता कुठे असेल, तर ती जुळे सोलापुरात, माझ्या बायकोच्या आत्याच्या घरी. पुढच्या खोलीतली एकुलती एक गादीची खुर्ची देवीची. शेंगाचटणीची सगळ्यात लालभडक बरणी देवीची. टीव्हीचा रिमोटसुद्धा संध्याकाळच्या मालिकेपुरता देवीचा असतो. ज्या वस्तूला कुणी हात लावू नये असं आत्यांना वाटतं, तिच्याकडे बोट करून त्या म्हणतात, "देवीचं हाय ते." विषय संपला. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा मी चटणीच्या त्या बरणीला हात जोडून आलो होतो. बायको अजून येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगते.

आश्विनात तर आत्यांना दिवस पुरत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात सगळं सोलापूर भाजून निघत असतं आणि या बाई पदर खोचून परसातल्या झाडांची हजेरी घेत असतात. वांग्याला म्हणतात, "खत खातोस ढीगभर, लाज हाय का न्हाय?" तोंडलीच्या वेलाचं कौतुक मात्र असं करतात, की ऐकणाऱ्याला वाटावं भाची पहिली आली. मग तोच हात धुऊन चुलीपाशी. कोवळा घेवडा, वर दाण्याचं कूट, शेजारी गरम भाकरी. तिसऱ्या भाकरीला मी नाही म्हणतो आणि चौथी संपवून उठतो.

हा घेवडा साधा नव्हे. आत्यांचं माहेर उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं. घर गेलं, गोठा गेला. निघताना त्यांच्या आईनं परसातल्या घेवड्याचं बी पदराला बांधून आणलं. तेव्हापासून दरवर्षी पहिल्या शेंगांना लाल दोरा बांधायचा, त्या वेलावरच वाळू द्यायच्या आणि पुढच्या साली तेच बी लावायचं. यंदा जेमतेम एकच वेल तगला होता. हे सगळं मला आधी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

कोजागरीसाठी आत्या आदल्या दिवशीच तुळजापूरला चालत निघाल्या आणि परसाची जबाबदारी माझ्यावर आली.

"पानी सकाळचं घाला. तोंडली काढली तरी चालतील."

"आणि घेवडा?"

"लाल दोऱ्याच्या शेंगा देवीच्या हायत. एवढं ध्यानात ठिवा, जावईबापू."

ठेवलं की! देवीच्या शेंगा पौर्णिमेला देवीपर्यंत पोचल्याच पाहिजेत, या उत्साहानं मी सकाळी अंघोळ करून स्टुलावर चढलो. सगळ्या दोरेवाल्या शेंगा काढल्या. शेवटच्या शेंगेला स्टूल कलंडलं, मी आधाराला वेल धरला, आणि आम्ही दोघं मांडवासकट खाली आलो. मला खरचटलं. वेल मुळासकट उपटला. तरीही भाजी मी स्वतः केली. शेंगा शिजता शिजेनात, पण नैवेद्य दाखवताना ऊर भरून आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या परतल्या, पायांना फोड घेऊन. मी मोठ्या अभिमानानं भाजी वाढली. त्यांनी एक घास खाल्ला, दाताखालचा टणक दाणा काढून तळहातावर ठेवला आणि परसाच्या दाराकडे पाहिलं.

"सगळ्या?"

"सगळ्या. एकही ठेवली नाही."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "आईचं बी व्हतं ते," एवढंच म्हणाल्या. मग मला कसंनुसं झालेलं बघून म्हणाल्या, "जाऊ द्या. देवीचं म्हनलं व्हतं, देवीला पोचलं." आणि ती भाजी, टणक दाण्यांसकट, सगळी संपवली.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती आधी मला जे बोलली ते इथे लिहीत नाही. मग एकदम उठली आणि देवघराकडे गेली. आमच्या लग्नात आत्यांनी तिच्या ओटीत एक पुरचुंडी घातली होती. "काय आहे?" तर "देवीचं हाय." झालं! चार वर्षं ती पुरचुंडी देवीच्या टाकामागं तशीच होती. आम्ही रोज हळदकुंकू वाहत होतो. सोडली, तर आत घेवड्याचे नऊ दाणे. तशीच ती घेऊन आम्ही आत्यांकडे गेलो.

"लावायला दिलं व्हतं की गं," आत्या म्हणाल्या, "पुजायला न्हाय." पण हसल्या.

नऊ दाण्यांतले दोन उगवले. एक त्यांच्या परसात, एक आमच्या फाटकाशी. भोगीच्या आधी आमच्या वेलाला पहिली शेंग धरली. तुळजापूरहून आल्यापासून आत्यांचे गुडघे धरलेत, आता चालवत नाही. त्या रिक्षानं आल्या, खुर्चीवर बसल्या, लाल दोरा माझ्या हातात दिला आणि शेंगेकडे नाही, माझ्या बोटांकडे बघत राहिल्या. मला गाठ नीट जमेना.

"आईला बी जमायची न्हाय," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात शेजारच्या वहिनींनी कुंपणावरून हात पुढे केला. "किती छान शेंग आहे हो, घेऊ का?"

"देवीची आहे," मी म्हणालो.