तारेभोवतीची जागा

धुळ्याहून जळगावला येताना एसटीत एक गृहस्थ माझ्या शेजारी बसले होते. साठीचे असावेत. उजवा हात उपरण्याखाली. तिकीटही डाव्या हातानंच घेतलं. माझ्या मांडीवर लॅपटॉप होता. पंपाच्या पॅनलमधल्या वायरिंगची आकृती काढणारा आमचा प्रोग्रॅम मी तपासत होतो.

"काय करी ऱ्हायना भाऊ?"

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. प्रोग्रॅम प्रत्येक तारेभोवती एक चौकट आखतो. स्क्रीनवर त्या चौकटीत बोट टेकलं की तार निवडली जाते. पण सरळ तारेची चौकट तारेइतकीच बारीक व्हायची, बोटाला सापडायचीच नाही.

"म्हणून चौकट दोन्हीकडून थोडी वाढवलीय. आता तारेला हात लागतो का, ते बघतोय."

ते बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले.

"तारले हात लागालेच नको, आसं काही करता येत नही का?"

मला थट्टा वाटली, मी हसलो. ते हसले नाहीत.

पारोळ्याला उतरायला उठले, तेव्हा गाडीला हिसका बसला आणि उपरणं सरकलं. उजवी बाही कोपराखाली रिकामी होती. डाव्या हातानं उपरणं सारखं करत ते सावकाश उतरले.

मी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. चाचणी पास झाली होती. बोट नुसतं जवळ नेलं तरी तार हाताला लागत होती.