जग्वारच्या पायातल्या गोळ्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला मी काय सांगत नाही?

अबुधाबीतल्या एका संग्रहालयात मी वस्तूंच्या नोंदी ठेवते. पेटी उघडली की कुठे तडा आहे, कुठे टवका, ते लिहायचं. पेट्या उघडायचे दळवीकाका. मूळचे चिपळूणचे, मुसफ्फा या इथल्या कारखान्यांच्या भागात, पॅकिंगच्या वर्कशॉपमध्ये वीस वर्षं काढलेले. मातीच्या भांड्याला हात कसा लावायचा, हे मला त्यांनीच शिकवलं. काठाला धरायचं नाही, बुडाखाली दोन्ही तळवे, आणि समोर दुसरं माणूस असल्याशिवाय उचलायचंच नाही.

त्या दिवशी मध्य अमेरिकेतलं, हजारेक वर्षांपूर्वीचं भांडं आलं होतं. भांडं कसलं, जग्वारच तो — अंगभर ठिपके, वासलेला जबडा, तीन पोकळ पाय. पायांत मातीच्या गोळ्या. भांडं हललं की त्या वाजतात, ती जग्वारची गुरगुर असावी, असं जाणकार म्हणतात. काकांनी पेटीचं झाकण काढलं आणि हातमोजे आणायला गेले. जाताना म्हणाले, "ताई, आलोच. हात नका लावू."

मी लावला. का? — ऐकायचं होतं, बस्स. कानाशी नेऊन हलवलं. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा पाय तडकला आणि त्याचा तुकडा खाली फोमवर पडला.

मी भांडं होतं तसं ठेवून दिलं. काका आले, बघून "अरे देवा" म्हणाले. मीही म्हणाले. इथपर्यंत मी घाबरले होते असं तुम्ही म्हणाल. पण पुढचं? त्याला काय म्हणाल?

सुपरवायझरने विचारलं, तेव्हा काका अगदी बिनघोर होते. "सर, मैंने छुआ भी नहीं. ताई थीं ना इधर, उनसे पूछो."

त्यांनी साक्षीदार म्हणून माझं नाव घेतलं — माझं! आणि मी म्हणाले, "सर, मैं आई तब ये पीस उठा चुके थे."

केसाने गळा कापला मी त्यांचा. दुसरा शब्द नाही. सुपरवायझर "खलास" म्हणाला आणि काकांचं संग्रहालयातलं काम त्याच दिवशी सुटलं. आता ते मुसफ्फात नुसती खोकी ठोकतात. पाय तडकलाय हे मी नोंदीत नीट, सुवाच्य अक्षरात लिहिलं.

काका सामान आवरत होते, तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. ते ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते हळूच म्हणाले, "ताई, कसा होता हो आवाज? वीस वर्षांत मी कधी हलवून नाही बघितलं."

"कसला आवाज, काका?" मी म्हणाले.